सगळी अक्षरं बरोबर

ठाण्यात चरईला, चर्चपासून पाच मिनिटांच्या अंतरावर, एका तीन मजली इमारतीत गर्ट्रूड मिस्किटा एकटी राहते. वय चौसष्ट. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणते आणि विषय बदलते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तिने तेहतीस वर्षं प्रेशर गेज तपासले. बॉयलरवर, कॉम्प्रेसरवर बसवतात ते, घड्याळासारखे गोल, एक काटा असलेले. तिच्या टेबलावरून पास झाल्याशिवाय एकही गेज खोक्यात जात नसे, आणि तिने नापास केलेला गेज परत तिच्यासमोर ठेवायची साहेबांचीही छाती होत नसे.

तपासायची तिची पद्धत ठरलेली होती. आधी शून्यावर बघायचं, मग पावावर, निम्म्यावर, पाऊणवर आणि शेवटी पूर्ण दाबावर. चढताना एकदा, उतरताना एकदा. नव्याने लागलेल्या मुली कंटाळायच्या, मधला एकच आकडा बघून गेज पुढे सरकवायच्या. गर्ट्रूड ओरडायची नाही. तो गेज परत घेऊन त्यांच्यासमोर ठेवायची आणि म्हणायची, "मधोमध सगळेच शहाणे असतात गं. टोकाला काय करतो ते बघ."

अशा बाईच्या हातात मेलिसाने डोळे तपासायचं अॅप दिलं, तेव्हा काय होणार हे मेलिसाला ठाऊक असायला हवं होतं.

मेलिसा ही गर्ट्रूडच्या थोरल्या भावाची, व्हिक्टरची मुलगी. डोंबिवलीला राहते, ऐरोलीला नोकरीला जाते आणि महिन्यातून एक रविवार आंटीकडे जेवायला येते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी गर्ट्रूड सहज बोलून गेली, की हल्ली मला बरोबर दिसत नाही असं वाटतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मेलिसाने तिथल्या तिथे आपला जुना टॅब आणि आंटीचा फोन एकमेकांना जोडून दिला.

"हे बघ आंटी. टॅब तिकडे शोकेसमध्ये ठेवायचा, फोन हातात. टॅबवर इंग्लिश ई दिसणार, कधी उजवीकडे तोंड करून, कधी खाली. ज्या बाजूला तोंड असेल त्या बाजूला फोनवर बोट फिरवायचं. एकेक डोळा झाकून. झालं."

"आणि ई केवढा आहे ते टॅबला कसं कळणार?"

"तू एटीएम कार्ड स्क्रीनवर ठेवायचंस. कार्डाएवढी चौकट जुळवलीस की त्याला साइज कळते."

मेलिसा गेल्यावर गर्ट्रूडने स्टीलची पट्टी काढली. कार्डाची चौकट केसभर मोठी होती, ती परत जुळवली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून शोकेसपर्यंत टेप लावून बरोबर तीन मीटरवर खुर्ची ठेवली आणि खुर्चीच्या पायांशी फरशीवर खडूने खुणा केल्या. शेवटच्या ओळीतला ई पट्टीने मोजला, तो चार मिलिमीटरच्या किंचित वर भरला. हाताने डोळा झाकला तर बोटांच्या फटीतून दिसतं, म्हणून चष्म्याच्या एका काचेवर बसेल असा काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा कापला. मग खिडकीचा पडदा लावून, दिवा लावून ती परीक्षेला बसली.

दोन्ही डोळ्यांना सगळी अक्षरं बरोबर. सहा बाय सहा.

तिने वहीत लिहून ठेवलं. तारीख, वेळ, दिवा, उजवा, डावा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती हे करू लागली. तपासणी संपली की टॅबवर खाली बारीक अक्षरात यायचं, की ही तपासणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. कारखान्यात असताना गर्ट्रूड प्रत्येक कागदावरचं बारीक अक्षर आधी वाचायची. हे मात्र तिने एकदा वाचलं आणि पुढच्या वेळेपासून वाचायचं सोडलं. आकडे चांगले येत होते, आणि चांगल्या आकड्यांची उलटतपासणी करायची इच्छा माणसाला कमीच होते.

वर्षभर वहीत सहा बाय सहाच भरत गेलं. त्याच वर्षात तिच्या हातून चहाचे तीन कप पडले, तिन्ही टेबलाच्या डाव्या बाजूचे. जांभळी नाक्यावर भाजी घेताना एका हातगाडीला तिची कंबर लागली, तेव्हा ती गाडीवाल्यालाच बोलली. एका सकाळी जिन्यात समोरच्या घरातल्या शेवंतीला तिचा असा धक्का लागला, की शेवंतीच्या हातातली फुलांची परडी खालच्या मजल्यापर्यंत गेली.

"अहो गर्टीबाई, मी कधीची बाजूला उभी आहे," शेवंती फुलं गोळा करत म्हणाली. "तुम्हाला दिसली नाही का मी?"

"दिसतंय मला सगळं," गर्ट्रूड म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

हे ती मनापासून म्हणाली. तिच्याकडे वही होती ना. डोळे चांगले आहेत हे तिने बारा वेळा मोजून घेतलेलं. मग धक्के लागतात ते लोकांच्या धसमुसळेपणामुळे, नाहीतर आपल्या वयामुळे.

तेराव्या शनिवारी मेलिसाचा फोन आला, तोही नेमका तपासणी चालू असताना. उजव्या डोळ्यावर पुठ्ठा होता, डावा डोळा टॅबकडे लागलेला, आणि डाव्या हातातला फोन थरथरायला लागला. कोणाचा फोन म्हणून बघायचं, तर नजर वळवावी लागली. नजर वळेपर्यंत हातातला उजळलेला फोन दिसलाच नव्हता, हे तिला खटकलं. फोन वाजून थांबला.

मग तिने पुठ्ठा डाव्या काचेवर लावला, उजव्या डोळ्याने टॅबकडे बघत राहिली आणि उजवा हात बाजूला धरून हलवला. हात दिसत होता. स्पष्ट नाही, पण काहीतरी हलतंय एवढं कळत होतं. पुठ्ठा पुन्हा उजवीकडे. डाव्या डोळ्याने टॅबकडे बघायचं आणि डावा हात तसाच हलवायचा. तिथे हात नव्हता. अंधार नव्हता, काळा डागही नव्हता. भिंत होती, शोकेस होतं, टॅब होता, फक्त हात नव्हता. तिने तो हळूहळू समोर आणला. अगदी टॅबच्या जवळ येईपर्यंत तो नव्हता, आणि मग एकदम होता.

तिचे हात थांबले नाहीत, तेहतीस वर्षांची सवय होती. तिने जुन्या कॅलेंडरची मोठी पानं उलटी करून भिंतीला चिकटवली, मधोमध पेनाने एक ठिपका काढला आणि समोर खुर्ची ओढून बसली. ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. लाल टोपणाचा पेन कडेकडून आत आणायचा आणि टोपण दिसलं की तिथे फुली मारायची. वरून, खालून, चारी बाजूंनी. मग दुसऱ्या डोळ्याने, दुसऱ्या पानांवर. दुपारचं जेवण राहून गेलं.

उजव्या डोळ्याच्या फुल्या पानांच्या कडेपर्यंत गेल्या होत्या, फक्त नाकाच्या बाजूला खाली थोड्या आत आलेल्या. डाव्या डोळ्याच्या फुल्या ठिपक्याभोवती गोळा झाल्या होत्या. बशीएवढा गोल. त्या बशीत ई मावत होता, अक्षर मावत होतं, पेपरातली ओळ मावत होती. शेवंती मावत नव्हती.

तिने मेलिसाला फोन लावला आणि जमेल तेवढ्या शांतपणे सांगितलं. मेलिसा तासाभरात रिक्षाने ठाण्याला आली. भिंतीवरची पानं बघून तिला रडू यायला लागलं.

"मीच दिलं ना तुला ते अॅप. वर्षभर तू त्याच्या भरवशावर बसलेली."

"अॅप खोटं बोललं नाही," गर्ट्रूड म्हणाली. "त्याला जेवढं विचारलं तेवढं त्याने बरोबर सांगितलं. मी मधोमध तपासत बसलेली, मेलिसा. वर्षभर. मी."



सोमवारी दोघी नौपाड्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर ऐश्वर्या तरुण होत्या, मेलिसापेक्षाही लहान दिसायच्या. त्यांनी गर्ट्रूडच्या डोळ्यातलं प्रेशर मोजलं. डावीकडे तीस, उजवीकडे चोवीस.

"किती पाहिजे?" गर्ट्रूडने विचारलं.

"साधारण एकवीसच्या आत."

"हे मशीन शेवटचं कधी तपासलेलं?"

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "याच महिन्यात. का हो?"

"काही नाही. सवय आहे."

मग एका अंधाऱ्या खोलीत, एका पांढऱ्या वाटीसारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसायचं होतं. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, इकडेतिकडे बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. छापून आलेला कागद डॉक्टरांनी टेबलावर ठेवला तेव्हा गर्ट्रूडने पिशवीतून आपली कॅलेंडरची पानं काढून त्याच्या शेजारी पसरली. डॉक्टर ऐश्वर्या बराच वेळ एकदा कागद, एकदा पानं बघत राहिल्या. आकार जवळजवळ तोच होता.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "बऱ्याचदा काही दुखत नाही, लाल होत नाही. कडेची नजर आधी जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते, म्हणून पेशंटला कळत नाही. एका डोळ्याचं दुसरा सांभाळून घेतो. जे गेलं ते परत येणार नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते. जे आहे ते टिकवायचं. रोज ड्रॉप घालायचे, न चुकता, कायमचे."

गर्ट्रूडने ते ऐकून घेतलं. परत येणार नाही, हे वाक्य तिला पूर्ण कळायला पुढचे काही दिवस लागले.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "सख्खे भाऊ-बहीण आहेत?"

"एक भाऊ. एकोणसत्तर वर्षांचा. कल्याणला."

"त्यांना लवकरात लवकर तपासायला सांगा. हे घराण्यात चालतं."

इथून पुढचं काम गर्ट्रूडला डोळ्यांत ड्रॉप घालण्यापेक्षा अवघड गेलं. कारण व्हिक्टर मिस्किटाच्या डोळ्यांबद्दल बोलायचं म्हणजे व्हिक्टरबद्दलच बोलायचं. तो रेल्वेत मालगाडीचा ड्रायव्हर होता. कसाऱ्याचा घाट त्याने किती वेळा चढला-उतरला याची गणती नाही. दर काही वर्षांनी रेल्वेचे डॉक्टर त्याचे डोळे तपासायचे आणि दर वेळी तो घरी येऊन "ए-वन" एवढंच बोलायचा. धुक्यातला सिग्नल आपल्याला असिस्टंटच्या आधी दिसायचा, ही गोष्ट त्याच्या घरी जेवलेल्या प्रत्येकाने ऐकलेली. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती आणि तो अजून रोज सकाळी स्कूटरवरून काळा तलावाला चक्कर मारायचा.

फोनवर त्याने हसून उडवून लावलं. मेलिसाने सांगितलं तरी तेच. शेवटी एका शनिवारी सकाळी गर्ट्रूड कल्याणला त्याच्या घरी गेली. व्हिक्टरची बायको जोविटा स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. व्हिक्टर हॉलमध्ये टॅब घेऊन तयारच बसला होता.

"मेलिसाकडून हे तुझंच अॅप घेतलंय," तो म्हणाला. "आता बघ."

त्याने टॅब टीव्हीपुढे ठेवला, मागे सरकला, एक डोळा झाकला आणि फोनवर भराभर बोट फिरवलं. मग दुसरा. सगळी अक्षरं बरोबर.

"बघितलंस? वय एकोणसत्तर. अजून ए-वन."

"बघितलं," गर्ट्रूड म्हणाली. "आता माझ्यासाठी एक कर. समोर बस. उजवा डोळा झाक आणि माझ्या नाकाकडे बघ."

"तुझं नाक पासष्ट वर्षं बघतोय."

"चौसष्ट. बघ तू."

तो हसत बसला. गर्ट्रूडने आपला हात बाजूला नेला, त्याच्या डावीकडे, खांद्याच्या रेषेत, आणि दोन बोटं हलवली.

"बोटं किती?"

"कुठली बोटं?"

"माझी. हात वर केलाय मी."

"नाही केलास."

गर्ट्रूडने हात थोडा आत आणला. "आता?"

"गर्टी, मस्करी करू नको. हात वर कर, मग विचार."

जोविटा दारात येऊन उभी राहिली होती. हात ओले, त्यांना खवले चिकटलेले. ती हळूच म्हणाली, "वर आहे हात, व्हिक्टर. मघापासून वर आहे."

व्हिक्टरने झटकन मान वळवली आणि त्याला तो हात दिसला. त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर. तो त्या हाताकडे बघत राहिला. मग उठला, टॅब बंद केला, आतल्या खोलीत गेला आणि जेवायला बाहेर आला नाही. गर्ट्रूड न जेवता निघाली. जोविटाने डब्यात कालवण भरून दिलं, ते तिने घरी नेऊन तसंच फ्रीजमध्ये ठेवलं.

तीन आठवडे व्हिक्टरने तिचा फोन घेतला नाही. त्या तीन आठवड्यांत गर्ट्रूडने स्वतःला बरंच काही विचारलं. बोटं दाखवायची ती त्याच्या बायकोसमोरच दाखवायला हवी होती का? आपल्याला गेज नापास करताना कधी काही वाटलं नाही, कारण गेजला वाटत नाही. इथे समोर भाऊ होता. दुसरी रीत असेल, तिला ती सुचली नव्हती. पण दर वेळी विचार तिथेच येऊन थांबायचा, की तो स्कूटर चालवतो.

चौथ्या सोमवारी सकाळी जोविटाचा फोन आला. "गर्टी, त्याने इस्त्रीचं शर्ट काढलंय. पांढरं. रेल्वेच्या मेडिकलला जाताना घालायचा तसं. मला म्हणतो, चल. कुठे ते बोलत नाही. तू दवाखान्यात ये."

व्हिक्टरचं दुखणं बहिणीपेक्षा पुढे गेलं होतं. डावा डोळा जवळजवळ तिच्यासारखाच, पण उजवाही अर्धा. डॉक्टर ऐश्वर्यांनी त्याला ड्रॉप दिले, डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनचं समजावलं आणि शेवटी सांगितलं, की आजपासून गाडी चालवायची नाही. तो फक्त "बरं" म्हणाला. त्याच संध्याकाळी त्याने जावयाला, नायजेलला, डोंबिवलीहून बोलावून घेतलं आणि स्कूटर घेऊन जायला सांगितली. नायजेल विकून टाकू का म्हणाला, तर व्हिक्टर म्हणाला, "काय करायचं ते कर, मला सांगू नको."

ऑपरेशन झाल्यावर व्हिक्टर आठवडाभर गर्ट्रूडकडेच राहिला, दवाखाना जवळ पडतो म्हणून. लहानपणानंतर भावंडं एवढे दिवस एका घरात राहिली नव्हती. ती त्याच्या डोळ्यात ड्रॉप घालायची, तो छताकडे बघत पडून राहायचा. चौथ्या दिवशी, ड्रॉप घातल्यावर डोळा मिटून, तो आपणहून बोलायला लागला.

"मागच्या पावसात तलावाजवळ एक बाई माझ्या स्कूटरला लागलेली. हातात दुधाच्या पिशव्या होत्या. पडली. गुडघा फुटला तिचा."

गर्ट्रूडने बाटलीचं झाकण लावलं.

"मी तिला ओरडलो. म्हटलं, डोळे कुठे ठेवून चालतेस? कुठून मध्ये आलीस? ती सांगत होती, काका, मी सरळ चालतेय. लोक जमले ना, त्यांनापण माझंच खरं वाटलं. पांढरे केस, रेल्वेतला माणूस. तीच सॉरी म्हणून लंगडत गेली."

"तुला माहीत नव्हतं, व्हिक्टर."

"नव्हतं माहीत. पण ओरडलो ना. तिला वाटत असेल, तिचीच चूक होती."

गर्ट्रूडला जांभळी नाक्यावरचा हातगाडीवाला आठवला. तिने त्याला काय काय सुनावलं होतं तेही आठवलं. ती भावाच्या उशाशी बसून राहिली आणि तिने तेही त्याला सांगितलं.

बरा होऊन कल्याणला गेल्यावर व्हिक्टर महिनाभर रोज सकाळी चालत तलावाला जात होता, दुधाच्या वेळेला. जोविटाला वाटलं फिरायला जातो. ती बाई त्याला सापडली नाही. चेहरा त्याने नीट पाहिलाच नव्हता. गर्ट्रूडला हातगाडीवाला मात्र सापडला. तिने त्याला सगळं समजावून सांगितलं, तर त्याला काही आठवेना. "असं रोज कोण ना कोण बोलतं हो बाई," तो म्हणाला आणि भेंडी तोलायला लागला.

मेलिसाने स्वतःचीही तपासणी करून घेतली. तिला काही नाही, पण वर्षातून एकदा जायला सांगितलंय. गर्ट्रूडच्या इमारतीत आता तिच्या टॅबची माहिती झालीय. शेवंती आली, खालच्या मजल्यावरचा रत्नदीप आईला घेऊन आला. गर्ट्रूड सगळ्यांना खडूच्या खुणांवर बसवते, ई दाखवते, नंबर वाढलाय का तेवढं सांगते. मग टॅब बाजूला ठेवून म्हणते, "हे झालं मधलं. बाकीचं डॉक्टरकडे." चाळिशी ओलांडलेल्यांच्या हातात ती दवाखान्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी देते. शेवंती जाऊन आली. रत्नदीपची आई अजून गेलेली नाही, आणि गर्ट्रूड जिन्यात भेटली की ती दुसरीकडे बघते.

दर सहा महिन्यांनी भावंडं नौपाड्याला एकाच दिवशी नंबर लावतात. गेल्या खेपेला गर्ट्रूड अंधाऱ्या खोलीतून बाहेर आली तेव्हा व्हिक्टर बाकावर बसला होता. त्याचं आधीच झालं होतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "ते बटण, तू कधी उजेड न दिसता दाबलंस का?"

तेहतीस वर्षांत गर्ट्रूडने एकही खोटा आकडा लिहिला नव्हता.

"पहिल्या वेळेला," ती म्हणाली. "पाच-सहा वेळा. मशीनला कळतं ते. डॉक्टरने बघितलं, पण बोलली नाही. फक्त परत करायला लावलं."

"मी आज दाबलं," व्हिक्टर म्हणाला. "डाव्या डोळ्याला. किती तरी वेळ काहीच येत नव्हतं गं. वाटलं, एवढ्या वेळात एक तरी आला असेल."

तेवढ्यात आतून व्हिक्टरचं नाव पुकारलं. डावा डोळा पुन्हा करायचा होता. तो उठला, शर्ट खाली ओढून नीट केला आणि एक हात भिंतीवर ठेवून त्या खोलीकडे गेला. गर्ट्रूड त्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली.